टोपीसकट केक

केक करणाऱ्या घरातल्या पोरीला केक मिळत नाही, हे मुंगीच्या आईच्या लक्षात यायला पोर पावणेचार वर्षांची व्हावी लागली.

मुंगीचं कागदोपत्री नाव चांगलं भारदस्त होतं. पण साखरेचा दाणा घरात कुठेही सांडला की ही तिथे हजर, म्हणून आजीने रांगतेपणीच तिला मुंगी म्हटलं आणि ते चिकटलं. तिच्या आईला इमारतीतली माणसं मुंगीची आई म्हणत, नाहीतर नुसतं केकवाली. स्वतःच्या नावाने तिला हाक मारणारं आता एक बँकेतलं मशीन उरलं होतं, असं ती गमतीने म्हणायची.

केक भाजला की मध्ये फुगतो. तसा फुगीर केक गिऱ्हाइकाला देता येत नाही. करवतीसारख्या दातांच्या लांब सुरीने वरचा उंचवटा आडवा कापून टाकायचा, केक सपाट करायचा, मग त्यावर क्रीम चढवायचं. कापलेल्या त्या उंचवट्याला या घरात टोपी म्हणत. मुंगीला दात आले तेव्हापासून ती टोप्यांवर वाढली होती. ओव्हनमधून वास सुटला की आपली ताटली घेऊन ओट्याखाली बसायची. वर सुरी चालायची आणि मग एक गरम, ओबडधोबड टोपी तिच्या ताटलीत उतरायची. त्याच्यावर ती खूष होती.

मग एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका पोराच्या वाढदिवसाला तिला केकचा तुकडा मिळाला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला आणि मोठ्याने विचारलं, "याची टोपी कुठंय?"

सगळे हसले. घरी येताना जिन्यात तिने आईला समजावून सांगितलं, "केक लोकांचा असतो. आपली टोपी असते."

तक्रार म्हणून नाही. जशी पायरी खाली असते आणि कठडा बाजूला असतो, तसं. आईने मात्र जिन्यातच ठरवलं, या वाढदिवसाला पोरीला अख्खा केक. पूर्ण. तिचा.

वाढदिवसाला तीन आठवडे होते तेव्हा मुंगी ऑर्डर द्यायला आली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर चढून बसली, फ्रीजवर लावलेल्या ऑर्डरींच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाली, "लिही. मला केक पाहिजे. टोपीसकट. वर मुंग्या पाहिजेत."

"किती मुंग्या, मॅडम?"

"बारा."

मुंगीला बारापर्यंतच मोजता येत होतं.

"आणि कधी हवाय?"

"माझ्या वाढदिवसाला," मुंगी म्हणाली. एवढंही कळत नाही का, असा चेहरा करून.

आईने कागदावर तारीख घातली, शनिवार लिहिलं, टोपीसकट लिहिलं, बारा मुंग्या लिहिल्या. पेन ठेवताना तिला वाटलं, पाच वर्षांच्या धंद्यात कधी हवा आणि वर काय हवं ते इतक्या सरळ शब्दांत सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

कारण बाकीची गिऱ्हाइकं काय सांगत? एक काकू परदेशातल्या कुठल्यातरी लग्नातल्या सात मजली केकचा फोटो पाठवत आणि खाली लिहीत, 'असाच, पण साधा.' एकांना अर्ध्या किलोत वीस माणसं बसवायची होती. एकांनी क्रीमचा केक भर दुपारी बंद गाडीत ठेवून दोन तास खरेदी केली आणि संध्याकाळी फोन केला की तुमच्या केकला घाम आलाय. कुणाला निळा हवा पण जीभ निळी व्हायला नको. कुणाला गोड हवा, पण फार गोड नको, पण मुलांना आवडेल इतका गोड हवा. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच. तुम्हाला काय, घरच्या घरी तर करायचंय.

घरच्या घरी. जणू घर स्वतःच अंडी फेटत होतं.

घरातलं तर बोलूच नये. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या, पण ओव्हनचं दार उघडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. "फुगलाय का ते बघते गं," म्हणून दार उघडायच्या आणि त्यांच्या बघण्याने फुगलेला बसायचा. चिरलेला कांदा नेमका क्रीमच्या भांड्याशेजारी ठेवायच्या. नवरा तर सगळ्यांत साधा माणूस. कुणाला नाही म्हणणं त्याच्या तोंडात बसवलेलंच नव्हतं. दारात कुणीही आलं की तो हसून म्हणायचा, "या की, कधीही या. ती घरीच असते."

घरीच असते. त्या 'च'वर तिचा फार राग होता. नुसतं घरी असते म्हणाला असता तर चाललं असतं. त्या एका 'च'मध्ये तिची पाच वर्षं, भाजलेली मनगटं, पोरगी झोपल्यावर फेटलेलं क्रीम, सगळं दाबून बसवलं होतं. एकदा ती त्याला म्हणाली होती, "तू पण ऑफिसातच असतोस ना?" त्याला त्यातला टोमणा कळला नाही. तो म्हणाला, "हो, कुठे जाणार?"

तर या नवऱ्याच्या हातून आणि त्या दारातूनच पुढचा घोळ झाला.

फोनमध्ये तिने एका बाईंचं नाव 'जरा बाई' असं साठवलं होतं. दोन गल्ल्या सोडून राहायच्या. त्यांना सगळं जरा हवं असायचं. जरा लवकर, जरा मोठा, जरा कमी गोड, आणि तुमच्या मनाने जरा काहीतरी वेगळं. या जरा बाई गुरुवारी संध्याकाळी दारात आल्या. मुंगीची आई तेव्हा मोरीत मुंगीच्या डोक्यावरून पाणी ओतत होती. नवऱ्याने दार उघडलं, हसला, ऐकून घेतलं आणि विसरला.

शुक्रवारी सकाळी दुसरा मोजा शोधता शोधता त्याला आठवलं. "अगं, त्या तुझ्या जरा बाई येऊन गेल्या. एक किलो चॉकलेटचा हवाय. त्यांच्या मिस्टरांची पन्नाशी आहे."

"कधी हवाय?"

"परवा."

शुक्रवारची परवा म्हणजे रविवार. तिने कागदावर लिहिलं, रविवार, जरा बाई, चॉकलेट, एक किलो. मनात म्हणाली, बरं झालं, शनिवार पोरीचा मोकळा राहिला.

जरा बाईंची परवा गुरुवारची होती. नवऱ्याने ती परवा जशी ऐकली तशी एक रात्र खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी काढून दिली. निरोप शब्दशः पोहोचवला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

मुंग्या करायला तिला तीन दुपारी लागल्या. मुंगी झोपली की ती बटर पेपरचा बारीक कोन वळायची, त्यात वितळलेलं चॉकलेट भरायची आणि कागदावर तीन थेंब टाकायची. डोकं, कंबर, पोट. मग केसासारखे सहा पाय आणि दोन मिशा. पाय उचलताना तुटायचे. बारा मुंग्या हातात यायला तिने तीसेक केल्या. तुटलेल्या तिने स्वतः खाल्ल्या, कारण पुरावा ठेवून चालणार नव्हतं. जमलेल्या एका डब्यात घालून कपाटावर लपवल्या.

शनिवारी सकाळी दोन केक भाजले. एक उद्याचा, जरा बाईंचा. तो गार झाल्यावर गुंडाळून ओट्यावर ठेवला. दुसरा मुंगीचा. तो नेहमीसारखाच मध्ये फुगला होता. सवयीने हातात सुरी आली होती, ती तिने मुद्दाम खाली ठेवली. पाच वर्षांत पहिल्यांदाच ती केकची टोपी कापत नव्हती, आणि तिला ते शाळेत नियम मोडल्यासारखं वाटलं. उंचवट्यावर तिने चॉकलेटचं क्रीम सपाट न करता खरखरीत लावलं, की ते बरोबर वारूळ दिसायला लागलं. त्यावर खालच्या काठापासून वर टोकापर्यंत बारा मुंग्यांची रांग चढवली. टोकावर साखरेचा एक खडा. रांगेतली शेवटची मुंगी थोडी मागे ठेवली, कारण मुंगी स्वतः चालताना नेहमी मागे राहायची.

मग खोकं बंद केलं, दोरी बांधली आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सरकवलं. नवऱ्याला सांगितलं, "हा मुंगीचा आहे. उघडून दाखवू नकोस. साडेसहाला इमारतीतली पोरं येतील, तेव्हाच."

"बरं," तो म्हणाला.

चार वाजता ती मुंगीला घेऊन मेणबत्ती आणायला गेली. मेणबत्ती मुंगीलाच निवडायची होती. दुकानात तिने चारचा आकडा सोडून आठचा उचलला, कारण त्याला दोन पोटं होती. समजूत घालण्यात वेळ गेला आणि शेवटी आठच घेतला. परत आल्या तेव्हा पाच वाजून गेले होते.

फ्रीज उघडला. खालचा कप्पा रिकामा. नुसता रिकामाही नाही, तिथे पाण्याच्या दोन बाटल्या आडव्या घालून ठेवलेल्या.

"इथलं खोकं कुठंय?" तिने विचारलं.

नवरा बाहेरून आला. चेहऱ्यावर काहीतरी निस्तरल्याचं समाधान. "अगं, त्या जरा बाई आल्या होत्या. त्यांचा केक आज होता म्हणे. घरी तीस माणसं येऊन बसलीत. काय आवाज चढवला दारात! मी म्हटलं, थांबा. तयार असा एकच होता. तो दिला. मिटवलं सगळं."

तिने हातातली पिशवी ओट्यावर ठेवली.

"मी म्हटलं होतं त्याला," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "म्हटलं, अरे, तो पोरीचा आहे. तर मला म्हणतो, आई, तू मध्ये पडू नकोस, घरचंच तर आहे."

"मग घरचंच आहे ना," नवरा म्हणाला. "तो दुसरा आहे की ओट्यावर. मुंगीचा उद्या कापू. बाहेरच्या माणसाला परत पाठवण्यापेक्षा घरच्या माणसाने एक दिवस थांबलेलं काय वाईट? तुझंच नाव राखलं मी."

"तुला माहीत होतं हा मुंगीचा आहे."

"माहीत होतं म्हणूनच तर. दुसऱ्या कुणाचा असता तर मी हात लावला असता का?"

दुसऱ्या कुणाचा असता तर हात लावला नसता. म्हणजे या घरात सगळ्यांत कमी किंमत कुणाची, ते त्याने एका दमात, न अडखळता सांगितलं होतं. आणि सांगताना तो हसत होता.

मुंगी फ्रीजसमोर उकिडवी बसून आत बघत होती. तिने बाटल्या बाजूला सारल्या. मागे पाहिलं. भाजीचा खणही ओढून पाहिला. मग उठली, आपली ताटली शोधून आणली आणि आईसमोर धरली.

"लोकांनी नेला का? बरं. मग मला टोपी दे."

"बघ," नवरा म्हणाला. "तिला चालतंय."

तेव्हा मुंगीच्या आईचा आवाज खाली उतरला. ज्यांना ती माहीत होती त्यांना तो आवाज माहीत होता. सासूबाईंनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय वर घेतले.

"चप्पल घाल," ती नवऱ्याला म्हणाली.

"कशाला?"

"खोकं तू दिलंस. परत तू आणायचंस. मी येतेय सोबत."

"वेड लागलंय का? दिलेला केक परत मागायचा? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मी पाच वर्षं ऐकतेय. आज लोक ऐकतील."

ती दारात सँडलचा पट्टा लावत होती तेवढ्यात फोन वाजला. जरा बाई. तिने फोन उचलला आणि काही बोलायच्या आतच पलीकडून सुरू झालं. "अहो, काय हा प्रकार? तुमच्या केकला मुंग्या लागल्यात. एक-दोन नाही, रांग आहे रांग. माझ्या जावेने झाकण उघडलं तर ओरडून मागे सरली. आणि केक वरून फुगलाय. बुरशीबिरशी नाही ना? तीस माणसांसमोर माझी काय शोभा झाली असेल, जरा विचार करा."

"हात लावू नका," मुंगीच्या आईने सांगितलं. "मी येतेय." आणि फोन ठेवला.

दोन गल्ल्या ती इतक्या भराभरा चालली की नवऱ्याला मध्ये मध्ये पळावं लागत होतं. वाटेत तो एकदा म्हणाला, "त्यात मुंग्या कशा गेल्या?" तिने त्याच्याकडे पाहिलं. पोरीने तीन आठवडे घरभर नाचून सांगितलेली गोष्ट या माणसाच्या कानाला लागलीच नव्हती. "मी घातल्या," ती म्हणाली.

जरा बाईंचा हॉल माणसांनी भरला होता. मधल्या टेबलावर खोकं उघडं होतं आणि टेबलाभोवती हातभर मोकळी जागा ठेवून सगळे उभे होते, जसं अपघाताभोवती उभे राहतात. एक पोक्त गृहस्थ, ते पन्नाशीवाल्यांचे थोरले भाऊ होते, हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घेऊन पुढे होते.

"शेवटची मी मारली," ते तिला अभिमानाने म्हणाले. "मागे राहिली होती."

तिने पाहिलं. वारुळाच्या पायथ्याशी, जिथे थोडी मागे राहिलेली मुंगी होती, तिथे क्रीमवर वर्तमानपत्राचा ठसा उमटला होता. एक किंमत, अर्धी बातमी आणि चॉकलेटचा फराटा.

"चॉकलेटच्या आहेत त्या," ती म्हणाली.

मग एका पोराने थोरल्या काकांच्या वर्तमानपत्राचं टोक चाटून पाहिलं आणि म्हणालं, "हो."

"चॉकलेटच्या?" जरा बाई पुढे आल्या. "पन्नाशीच्या केकवर मुंग्या? मी म्हटलं होतं, साधाच करा, वर जरा नाव घाला."

"हा तुमचा केक नाही. माझ्या मुलीचा आहे. आज तिचा वाढदिवस आहे. तुमचा उद्या होता."

"उद्या कसा? मी परवा सांगितलं होतं, परवा हवा म्हणून."

"मला काल कळलं, परवा हवा म्हणून."

"मग परवा म्हणजे आज ना."

"काल परवा म्हणजे उद्या होता."

खिडकीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाई बोटांवर मोजू लागल्या आणि मध्येच सोडून दिलं. नवरा दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आता कुठे उजाडत होतं. त्याने हळूच म्हटलं, "मी गुरुवारी ऐकलं आणि शुक्रवारी सांगितलं." कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

"ते जाऊ दे," जरा बाई एकदम गोड झाल्या. ते गोड होणं तिच्या ओळखीचं होतं. "आता माणसं ताटकळलीत. एवढं कशाला मनाला लावून घ्यायचं? त्या मुंग्या काढून टाका, वरचा तो उंचवटा कापा आणि जरा सपाट करून द्या. सुरी देते मी. जरासंच काम आहे, तुम्हाला काय."

सुरी खरंच पुढे आली. चांगली लांब, दातांची.

मुंगीच्या आईने त्या सुरीकडे पाहिलं. हजार टोप्या तिने याच हाताने कापल्या होत्या. लोकांचं सपाट व्हावं म्हणून. आणि कापलेलं जे उरतं ते पोरीच्या ताटलीत घालून, पोर खूष आहे असं स्वतःला सांगितलं होतं. नवऱ्याने आज जे म्हटलं त्याहून तिने स्वतः तरी वेगळं काय केलं होतं? तिलाही चालतच आलं होतं. याचा राग बाकी सगळ्या रागांच्या खाली होता, आणि तो सगळ्यांत जास्त जळत होता.

"टोपी कापायची नाही," ती म्हणाली.

"काय?"

"मी हा केक परत नेतेय. तुमचा भाजून ठेवलाय. उद्या दुपारी क्रीम लावून, नाव घालून, याच्या हाती घरपोच पाठवते. आजच हवा असेल तर चौकात बेकरी आहे."

"बेकरीतला? अहो, आम्ही तुमच्याकडे येतो ते घरचं असतं म्हणून."

"घरचाच आहे," ती म्हणाली. "म्हणूनच परत नेतेय."

जरा बाईंचा गोडवा लगेच उतरला. "हे बरं नाही हं. असं केलंत तर नाव खराब होईल तुमचं. मी चारजणींना सांगेन."

"सांगा. पण सांगताना वार सांगा."

कुणीतरी हसलं. ज्यांची पन्नाशी होती ते गृहस्थ इतका वेळ नव्या शर्टात अवघडून कोपऱ्यात उभे होते. ते पुढे आले, खोक्याचं झाकण काळजीपूर्वक लावलं, दोरी त्यांना बांधता आली नाही म्हणून नुसती गुंडाळली. "घेऊन जा," ते म्हणाले. "पन्नास वर्षं काढलीत, उद्यापर्यंत थांबतो मी. पोरीला किती वर्षं झाली?"

"चार."

"चारच्या पोरीला थांबता येत नाही," ते म्हणाले, आणि बायकोकडे न बघता पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभे राहिले.

खोकं तिने नवऱ्याच्या हातात दिलं. तो दोन्ही हातांवर ते आडवं धरून जिना उतरला. प्रत्येक पायरी चपलेच्या टोकाने चाचपत. रस्त्यावर एक सायकल अगदी जवळून गेली तेव्हा तो भिंतीला चिकटून उभा राहिला.

"एवढं जड असतं हे?" तो म्हणाला.

"हो."

"आणि तू हे चार मजले उतरवून लोकांच्या गाडीत ठेवतेस?"

"मी घरीच असते ना," ती म्हणाली.

पुढची अख्खी गल्ली तो पायाखालचे खड्डे चुकवत चालला. मग खोक्यावरून नजर न काढता म्हणाला, "मला वाटलं, आपलंच आहे तर आपण सोसू."

"आपण नाही. ती. आणि मी. तू काय सोसलंस, सांग."

त्याने खरोखर विचार केला, हे तिला त्याच्या चालण्यावरून कळलं. तिला उत्तर हवं नव्हतं. उत्तर आलं असतं तर पुन्हा भांडण झालं असतं, आणि साडेसहाला पोरं येणार होती.

घरी सासूबाईंनी मुंगीला नवा फ्रॉक घालून खुर्चीत बसवलं होतं. ओट्यावरचा उद्याचा केक तसाच गुंडाळलेला होता. "टोपी दे, टोपी दे म्हणून मागे लागली होती," त्या म्हणाल्या. "पण मी सुरी लावली नाही बाई. म्हटलं, तुझी आई आणतेय." आणि मग, जरा थांबून, "ओव्हनही नाही उघडला मी."

"बंदच होता तो, आई."

"तरी नाही उघडला."

साडेसहाला चार पोरं आली. खोकं उघडलं. मुंगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून वारूळ बघत राहिली. मग बोटाने हवेत, केकला न लावता, तिने रांगेच्या वरच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा. बोट खाली आलं आणि ठशावर थांबलं.

"बारावी कुठंय?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं. तिच्या तोंडात वर्तमानपत्रवाले थोरले काका आले होते, ते तिने गिळले.

"ती मागे राहिलीय," नवराच पटकन म्हणाला. "परवा येईल."

म्हटलं आणि त्याचं त्यालाच कळलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

"परवा म्हणजे कधी?" मुंगीने विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती मेणबत्ती पेटवत होती. सुटका करायचा दिवस आजचा नव्हता. मग तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि फ्रीजवरच्या कागदासमोर पेन घेऊन उभा राहिला. त्या कागदावर त्याने आजवर कधी काही लिहिलं नव्हतं. लिहिता लिहिता तो मोठ्याने म्हणत होता, म्हणजे बाहेर ऐकू जावं. "सोमवार. तारीख. मुंगी, एक. करणार कोण, बाबा."

"लिहिलं?" मुंगी ओरडली.

"लिहिलं." थोड्या वेळाने आतूनच त्याने विचारलं, "मुंगीला पाय किती असतात गं?"

"उचलताना तुटतील तेव्हा मोज," ती म्हणाली.

फोन वाजत होता. पडद्यावर जरा बाई. तिने फोन पालथा घातला, आठच्या आकड्याची मेणबत्ती विझल्यावर काढून बाजूला ठेवली आणि सुरी हातात घेतली. वरून आडवी नाही, उभी. मुंगीच्या ताटलीत पडलेल्या तुकड्यात खाली केक होता आणि वर टोपी होती आणि टोपीवर दोन मुंग्या चढत होत्या.

मुंगीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा लोकांचा का आपला?" तिने विचारलं.

"तुझा," आई म्हणाली. "खा आता."